लांब अ‍ॅनिमे मालिका स्ट्रीमिंगवर पाहताना फिलर भागांचे काय करावे

लांबलचक अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका पाहायला घेणारे प्रेक्षक फिलर, म्हणजे मूळ कथेत नसलेल्या भरतीच्या, भागांच्या बाबतीत सहसा दोनपैकी एक चूक करतात. काही जण कुठूनतरी एक यादी मिळवतात, तिच्यात ‘फिलर’ असा शिक्का असलेला प्रत्येक भाग डोळे मिटून वगळतात आणि पुढे कथेचा एखादा धागा हाती लागेनासा झाला की गोंधळतात. उरलेले पहिल्या भागापासून ओळीने पाहत जातात, एखाद्या मोठ्या फिलर पट्ट्यात (सलग फिलर भागांत) अडकतात आणि मालिकाच सोडून देतात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. फिलरविषयीची आपली मते टीव्हीच्या काळात तयार झालेली आहेत आणि पाहण्याची पद्धत मात्र पूर्णपणे बदललेली आहे.

साप्ताहिक मांगाचे (जपानी चित्रकथेचे) एक प्रकरण साधारण अठरा-वीस पानांचे असते आणि अ‍ॅनिमेचा एक भाग अशी दोन प्रकरणे सहज संपवतो. त्यामुळे वर्षभर न थांबता चालणारी मालिका मूळ कथेला गाठू लागली, की निर्माते मांगात नसलेले प्रसंग रचून वेळ काढत. ‘नारुतो’मधील १४३ ते २१९ हे सलग ७७ भाग असेच आहेत. आठवड्याला एक या हिशेबाने त्या काळच्या प्रेक्षकाची सुमारे दीड वर्षे त्यांत गेली. तेच भाग आज सुरुवातीचे व शेवटचे गीत आणि पुढील भागाची झलक गाळून पाहिले, तर जेमतेम सव्वीस तासांत संपतात. पूर्वी पर्याय फिलर किंवा काहीच नाही असा होता, त्यामुळे राग वाट पाहण्याचा होता. आता पुढचा मूळ भाग एका बटणाच्या अंतरावर असतो, त्यामुळे राग सलगता मोडण्याचा आहे. म्हणून निर्णय घेताना भागावरच्या शिक्क्यापेक्षा तो भाग कथेत कोठे बसवला आहे याला अधिक वजन द्यावे. पुढील टप्पे त्याच धोरणाने मांडले आहेत.

टप्पा १ : फिलर कशाला म्हणायचे ते आधी ठरवा

बहुतेक घोळ येथेच होतो. ‘मला कंटाळा आला, म्हणजे तो फिलर’ अशी व्याख्या केली की पुढचे सगळे गणित चुकते. कामापुरते पाच प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत.

पहिला प्रकार म्हणजे कॅनन भाग, जे मूळ मांगा किंवा कादंबरीवर आधारलेले असतात. दुसरा मिश्र भागांचा. त्यांत मूळ कथेचा काही अंश आणि नव्याने रचलेले प्रसंग एकत्र असतात. तिसरा शुद्ध फिलर, जो काढला तरी मुख्य कथेत काहीही अडत नाही. चौथा रिकॅप, म्हणजे आधीच्या दृश्यांची उजळणी. ‘हंटर × हंटर’च्या २०११च्या आवृत्तीतील १३वा भाग हे त्याचे उदाहरण. पाचवा प्रकार अ‍ॅनिमेसाठी नव्याने लिहिलेला, पण कथेला जोडून घेतलेला मजकूर. ‘डेमन स्लेयर’मधील रेलगाडीचे पर्व २०२१ मध्ये टीव्हीसाठी सात भागांत आले, तेव्हा त्याचा पहिला भाग पूर्णपणे नवा होता. तो रेंगोकू या योद्ध्याच्या गाडीवर येण्याआधीच्या हालचाली दाखवतो आणि पुढच्या प्रसंगांचे वजन वाढवतो. त्याला फिलर म्हणून वगळणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले, तरी प्रेक्षक म्हणून तोट्याचे आहे.

याच्या उलट, ‘जुजुत्सु कायसेन’च्या पहिल्या सीझनमधील बेसबॉलचा भाग अनेकांना फिलर वाटतो, कारण त्यात हलकाफुलका सामना आहे आणि कथा पुढे सरकत नाही. प्रत्यक्षात तो सामना मूळ मांगातलाच आहे. ‘काउबॉय बीबॉप’सारख्या स्वतंत्र गोष्टींच्या मालिकेत तर फिलर हा शब्दच लागू होत नाही. तिला आधारभूत असा आधीचा मांगा नाही आणि सुट्या गोष्टी हाच तिचा घाट आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची २००३ची ५१ भागांची मालिका मांगा अपूर्ण असताना वेगळ्या वाटेने गेली. तिचा उत्तरार्ध मांगात नाही, पण तो वगळला तर हाती शेवटच उरत नाही.

*पडताळणी :* ‘हा भाग काढून टाकला तर पुढच्या भागातला एखादा संवाद अनाकलनीय होतो का?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर ‘होय’ आले, तर यादी काहीही म्हणो, तो भाग कामाचा आहे.

टप्पा २ : मालिका कोणत्या साच्यातली आहे ते पाहा

यादी शोधण्याआधी मुळात यादीची गरज आहे का, हे तपासावे. गेल्या दशकातील बऱ्याच गाजलेल्या मालिका बारा-तेरा किंवा चोवीस-पंचवीस भागांचे सीझन करून थांबतात आणि पुरेसा मांगा साठल्यावर परततात. अशा मालिकांत शुद्ध फिलर जवळजवळ नसतो. पहिल्या भागापासून ओळीने पाहावे आणि याद्यांच्या नादी लागू नये. हा साचा रात्री उशिरा प्रसारित होणाऱ्या मालिकांत आधीपासून होताच, पण आता जुन्या मालिकाही तिकडे वळत आहेत. १९९९ पासून चालू असलेल्या ‘वन पीस’च्या निर्मात्यांनीही एप्रिल २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग काढण्याचे जाहीर केले.

यादी खरोखर लागते ती वर्षानुवर्षे दर आठवड्याला चाललेल्या मालिकांसाठी : ‘नारुतो’ (२२० भाग), ‘नारुतो शिप्पुडेन’ (५०० भाग), ‘ब्लीच’ (पहिली मालिका, ३६६ भाग) आणि त्यांच्या समकालीन मालिका.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. काही मालिकांची अधिकृत आटोपशीर आवृत्ती उपलब्ध असते. ‘ड्रॅगन बॉल झेड’च्या पहिल्या १९४ भागांत आलेली कथा ‘ड्रॅगन बॉल झेड काई’ने ९८ भागांत बसवली आहे; ती निवडल्यास काटछाट स्वतः करावी लागत नाही. दुसरा अपवाद ‘डिटेक्टिव्ह कोनन’सारख्या मालिकेचा. ती १९९६ पासून चालू आहे, तिचे हजारांहून अधिक भाग झाले आहेत आणि त्यांतील मोठा हिस्सा केवळ टीव्हीसाठी रचलेल्या प्रकरणांचा आहे. तेथे काय वगळावे याची यादी करण्याऐवजी, मुख्य कटाशी संबंधित भाग कोणते याची छोटी यादी करणे सोपे जाते. उरलेली प्रकरणे सुटी रहस्ये म्हणून केव्हाही पाहता येतात.

टप्पा ३ : यादीचे क्रमांक आणि प्लॅटफॉर्मचे क्रमांक जुळवा

सर्वांत जास्त वाचक येथेच घसरतात, म्हणून हा टप्पा सावकाश करावा. फिलरच्या याद्या जवळजवळ नेहमी सलग क्रमांक वापरतात. पहिल्या भागाला १ आणि मग शेवटपर्यंत एकच मोजणी. प्लॅटफॉर्म मात्र मालिका सीझनमध्ये तोडतो आणि प्रत्येक सीझनला पुन्हा १ पासून क्रमांक देतो. त्यातही एकाच मालिकेचे सीझन वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर वेगवेगळ्या जागी तोडलेले असू शकतात, दोन सीझन एकत्र केलेले असू शकतात किंवा मधले सीझन उपलब्धच नसतात.

कृती अशी करावी.

१. आपल्या प्लॅटफॉर्मवरील प्रत्येक सीझनमध्ये किती भाग आहेत ते कागदावर लिहावे.

२. त्यांची चढती बेरीज शेजारी मांडावी. उदाहरणार्थ, ‘शिप्पुडेन’च्या मूळ विभागणीत पहिल्या पाच सीझनचे भाग ३२, २१, १८, १७ आणि २४ असे आहेत, म्हणजे चढती बेरीज ३२, ५३, ७१, ८८, ११२ होते. त्या विभागणीत सहाव्या सीझनचा चौथा भाग हा सलग मोजणीतला ११६वा ठरतो.

३. प्रत्येक सीझनमधला एक भाग निवडून त्याचे शीर्षक यादीतील शीर्षकाशी ताडून पाहावे. भाषांतरामुळे शब्द थोडे बदललेले असतात, पण आशय जुळतो. शंका राहिली तर जपानमधील प्रथम प्रसारणाची तारीख पाहावी. ती बदलत नाही.

४. कोठेही एक-दोन क्रमांकांचा फरक आढळला, तर तो फरक त्या सीझनपुढे नोंदवावा आणि तो कोठून सुरू झाला ते शोधावे.

फरक पडण्याची कारणे ठरावीक असतात. तासाभराचा विशेष भाग कोणी एक धरतो, कोणी दोन. रिकॅपला काही ठिकाणी अर्ध्याचा क्रमांक मिळतो, जसे ‘अ‍ॅटॅक ऑन टायटन’चा १३.५, तर काही ठिकाणी तो ठेवलेलाच नसतो. दोन मालिकांतील पात्रे एकत्र आणणारे भाग हक्कांच्या गुंत्यामुळे गळू शकतात. ‘वन पीस’चे ४९२, ५४२ आणि ५९० हे भाग त्या प्रकारचे आहेत. अशी गळती झाली आणि ती लक्षात आली नाही, तर पुढची सगळी मोजणी सरकते आणि आपण फिलर पाहून मूळ भाग वगळत बसतो.

*इशारा :* याद्यांमध्ये भागांची आणि पर्वांची नावे असतात आणि ती नावेच अनेकदा कोण मरतो, कोण उलटतो हे सांगून टाकतात. यादी स्वतः वाचण्याऐवजी मालिका आधी पाहिलेल्या मित्राकडून केवळ क्रमांकांची पट्टी लिहून घ्यावी. ते शक्य नसेल, तर आपण जेथे आहोत तेथून पुढचे एकच पर्व पाहावे आणि पान लगेच बंद करावे.

टप्पा ४ : फिलर कथेत कोठे बसला आहे ते ओळखा

क्रमांक जुळले की प्रत्येक फिलर पट्ट्यापुढे त्याची जागा लिहावी. जागा मुख्यतः तीन असतात आणि प्रत्येकीला वेगळी वागणूक द्यावी लागते.

*दोन पर्वांच्या मध्ये.* ‘ब्लीच’चे बाउंट पर्व ६४व्या भागापासून सुरू होते. त्याआधी ६३व्या भागापाशी सोल सोसायटीचे पर्व पूर्ण झालेले असते, त्यामुळे कोणतीही लढाई अर्धवट लटकत नाही. असा फिलर सलगता मोडत नाही. तो पाहायचा की नाही हे पूर्णपणे आवडीवर सोडावे आणि टप्पा ६ मधील चाचणी लावावी.

*ऐन प्रसंगाच्या मध्ये.* खरा उपद्रव हाच. त्याच मालिकेत हुएको मुंडो या शत्रूच्या प्रदेशातील लढाया रंगात असताना १६८ ते १८९ हे २२ भाग अचानक वेगळ्याच सेनापतीची गोष्ट सांगू लागतात. पुढे निर्णायक युद्ध चालू असताना २३० ते २६५ या भागांत तलवारींच्या आत्म्यांचे बंड येते. टीव्हीवर हे सहन करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज येथे थांबण्याचे कोणतेही कारण नाही. मात्र ‘वगळणे’ आणि ‘पुढे ढकलणे’ यांत फरक करावा. दुसऱ्या पट्ट्याला आवडीने पाहणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते तो त्या मालिकेतील सर्वांत कल्पक फिलर आहे. तो चुकीच्या जागी आहे, एवढाच त्याचा दोष. युद्धाचे पर्व संपेपर्यंत तो बाजूला ठेवावा आणि नंतर, त्यातील पात्रांची स्थिती युद्धापूर्वीची आहे हे लक्षात ठेवून, सवडीने पाहावा.

*मालिकेच्या शेपटीला.* ‘नारुतो’चे वर उल्लेखिलेले ७७ भाग आणि ‘रुरौनी केन्शिन’च्या जुन्या मालिकेतील क्योतो पर्वानंतरचे, म्हणजे ६३ पासूनचे भाग या गटात येतात. येथे एकच प्रश्न विचारावा : याच्या पुढची मालिका मला आत्ता पाहायची आहे का? पाहायची असेल, तर शेपूट सोडून पुढे जावे.

*पडताळणी :* पुढे ढकललेल्या प्रत्येक पट्ट्यासमोर ‘अमुक भागानंतर’ अशी नोंद केली आहे ना, ते पाहावे. नोंद नसेल तर ढकललेला फिलर हा वगळलेलाच ठरतो.

ढकलण्यालाही एक अपवाद आहे. ‘वन पीस’मधील जी-८ पर्व, म्हणजे १९६ ते २०६ हे भाग, आकाशातील बेटावरून खाली उतरल्याच्या क्षणी सुरू होते आणि पुढच्या प्रवासाच्या आधी संपते. ते याच जागी सर्वांत चांगले लागते. पन्नास भागांनंतर पाहिले तर त्याची निम्मी गंमत जाते.

टप्पा ५ : पट्ट्याच्या दोन्ही कडा तपासा

यादीत ‘पर्व’ म्हणून दिलेली सीमा आणि फिलरची खरी सीमा नेहमी एक नसते. ‘ब्लीच’मधील घुसखोर सैन्याचे पर्व ३१७ ते ३४२ असे धरले जाते आणि ते फिलर म्हणून ओळखले जाते. ते सरसकट वगळणाऱ्यांच्या हातून ३४२वा भागही निसटतो, आणि त्या भागात मूळ मांगातील निरोप घेण्याचा एक अत्यंत महत्त्वाचा प्रसंग आहे. पुढचे पर्व त्याच प्रसंगावर उभे आहे. मी स्वतः पहिल्यांदा ही चूक केली होती आणि पुढच्या पर्वात नायकाची अवस्था पाहून कितीतरी वेळ प्लॅटफॉर्मनेच काही भाग गाळले असावेत असे समजत राहिलो.

‘नारुतो’मध्येही तसेच आहे. १४१ आणि १४२ हे भाग मिश्र मानले जातात आणि लांब शेपटीनंतरचा २२०वा भाग पुढच्या मालिकेकडे नेणारा दुवा आहे. ‘१३६ ते २२० फिलर’ अशी ढोबळ नोंद करून पुढे गेल्यास हे तिन्ही भाग हुकतात.

म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या बाबतीत तीन गोष्टी कराव्यात. पट्ट्याआधीच्या मूळ भागाची शेवटची काही मिनिटे लक्षपूर्वक पाहावीत. पट्ट्यातील पहिल्या भागाची सुरुवात पाहावी, कारण मागच्या लढाईचा शेवट कधीकधी तेथे ढकललेला असतो. पट्ट्यातील शेवटचा भाग मात्र पूर्ण पाहावा. यात फार तर अर्धा तास जातो.

*इशारा :* शेवटचे गीत सुरू होताच पुढच्या भागावर नेणारी सोय फिलर पट्ट्याच्या जवळ बंद ठेवावी. गीतानंतर येणारी छोटी दृश्ये तिच्यामुळे दिसतच नाहीत. शिवाय आपण वगळायचे ठरवलेला भाग आपोआप सुरू होतो आणि ‘पाहिलेला’ म्हणून नोंदलाही जातो.

टप्पा ६ : राहिलेल्या फिलरची चाचणी घ्या

पर्वांच्या मधल्या आणि सुट्या फिलर भागांसाठी दोन भागांची मर्यादा पुरेशी आहे. दोन भाग पाहून झाल्यावर गोष्टीतील नव्या पात्राचे नाव आठवत नसेल, तर पुढे जावे. चाचणी घेताना लढाईच्या दर्जाकडे फार पाहू नये. फिलरमधील लढायांना परिणाम नसतो हे आपल्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्या फिक्या वाटणारच. मुख्य कथेच्या घाईत ज्यांना जागा मिळत नाही, अशा पात्रांचा रोजचा वावर हे फिलरचे बलस्थान असते. ‘ड्रॅगन बॉल झेड’मध्ये गोकू आणि पिकोलो गाडी चालवायला शिकायला जातात तो १२५वा भाग, किंवा ‘नारुतो’मध्ये काकाशीच्या मुखपट्टीमागचा चेहरा पाहण्यासाठी विद्यार्थी आटापिटा करतात तो १०१वा भाग, हे शुद्ध फिलर असूनही अनेकांच्या स्मरणात मुख्य कथेइतकेच घट्ट बसले आहेत. आटोपशीर सीझनच्या मालिकांत असे रिकामपणाचे भाग फारसे उरलेले नाहीत. फिलरला नावे ठेवणारे जुने प्रेक्षक हल्ली ते पुन्हा शोधून पाहतात, त्याचे एक कारण हे असावे.

सुटे भाग एकापाठोपाठ एक पाहू नयेत. एखादे जड पर्व संपल्यावर एक किंवा दोन पुरतात.

टप्पा ७ : फिलर नसलेला संथपणा वेगळा हाताळा

‘वन पीस’मध्ये शुद्ध फिलरचे प्रमाण कमी आहे, तरीही ती मालिका फिलरने भरली आहे अशी तक्रार ऐकू येते. तिथला प्रश्न वेगळा आहे. मूळ कथेला गाठू नये म्हणून एका भागात जेमतेम एका प्रकरणाचा मजकूर घेतला जातो, आणि मग प्रतिक्रियांचे चेहरे, जुन्या आठवणी व मागील भागाची उजळणी यांनी वेळ भरला जातो. अशा मालिकेवर फिलरची यादी कितीही काटेकोरपणे लावली तरी वेग वाढत नाही. सुरुवातीचे गीत आणि त्यानंतरची उजळणी ओलांडून थेट नव्या दृश्यावर जावे. ती उजळणी किती लांब असते याचा अंदाज दोन-तीन भागांत येतो. तरीही एखादे पर्व असह्य वाटले, तर तेवढे मांगातून वाचून पुढच्या पर्वाला परत यावे. वेग सव्वापट करण्याचा उपाय सोपा वाटतो, पण संगीतावर आणि शांततेवर उभे असलेले प्रसंग त्यात बिघडतात. तो केवळ उजळणीपुरता ठेवावा.

टप्पा ८ : नोंद ठेवा, आणि गडबड झाल्यास असे सावरा

उड्या मारत पाहिल्यावर प्लॅटफॉर्मची ‘पुढे पाहा’ ही खूण भरवशाची राहत नाही. ती शेवटच्या उघडलेल्या भागावर जाऊन बसते. शेवटचा मूळ भाग, ढकललेले पट्टे आणि सीझनमधील क्रमांकांचा फरक या तीन गोष्टी स्वतःच्या वहीत असाव्यात.

कथा तुटल्यासारखी वाटली, तर लगेच मागचे सगळे फिलर पाहायला बसू नये. आधी क्रमांक सरकले आहेत का ते टप्पा ३ प्रमाणे तपासावे, मग सर्वांत अलीकडच्या पट्ट्याचा शेवटचा भाग पाहावा आणि तरीही दुवा सापडला नाही, तर त्या पट्ट्यातील मिश्र भाग उघडावेत. फिलर पट्ट्यात अडकून मालिका थांबली असेल आणि मध्ये काही महिने गेले असतील, तर त्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू करू नये. पट्ट्याआधीचे शेवटचे दोन मूळ भाग पाहावेत आणि तेथून थेट पट्ट्याच्या शेवटच्या भागावर जावे.